बोट लहान करा : गणेश मंडळांना एका जुन्या नौसैनिकाचं अनावृत पत्र

प्रति,
पुण्यातल्या गणेश मंडळांचे अध्यक्ष, देखावाप्रमुख आणि रात्री जागून खिळे ठोकणारे सर्व कार्यकर्ते,

स. न. वि. वि.

आषाढ निम्मा सरला की मंडळांच्या कट्ट्यावर ‘यंदा काय करायचं?’ याच्या बैठका सुरू होतात. आमच्या धनकवडीच्या चौकात परवा रात्री अशीच एक बैठक चालली होती. मी दूध घ्यायला खाली उतरलो होतो. ‘कराची करू या, नेव्हीचं. पब्लिक खेचतंय’ एवढं कानावर पडलं, म्हणजे १९७१च्या लढाईत आपल्या नौदलाने कराची बंदरावर केलेला हल्ला, आणि दूध राहिलं बाजूला. म्हटलं, पोरांनी प्लायवूडची ऑर्डर द्यायच्या आधी चार शब्द लिहावेत.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो. पेठेतल्या एका मंडळाने ‘कराचीची होळी’ नावाचा देखावा केला होता. मंडळाचं नाव घेत नाही, पोरं कष्टाळू आहेत. नातवाला घेऊन पाऊण तास रांगेत उभा राहिलो. पडदा सरकला, तर समोर वीस फुटांचं विमानवाहू जहाज, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विक्रांत’. जहाजाला तोफा किती म्हणाल, तर एखाद्या किल्ल्याला नसतील इतक्या. पलीकडे कराची म्हणून दोन मिनार आणि एक पेट्रोल पंप. खालून टेबल फॅन लावून लाल-केशरी साटिनच्या पट्ट्या उडवल्या होत्या, ती आग मात्र झकास जमली होती. निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मग जहाजावरून एक पुठ्ठ्याचं क्षेपणास्त्र तारेवरून निघालं आणि मध्येच अडकलं. कराची पेटली, क्षेपणास्त्र तिथेच! शेवटी एक कार्यकर्ता वाकत वाकत आला आणि त्याने झाडूच्या दांड्याने ते पुढे ढकललं. लोक हसले. नातवाने विचारलं, “आजोबा, यात तुमची बोट कुठंय?”

नव्हतीच. ज्या बोटींनी ते काम केलं, त्यांतली एकही त्या देखाव्यात नव्हती.

मी १९७१च्या लढाईत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या सत्काराला बोलवाल. त्यानंतर काही वर्षांनी भरती झालो, लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या तळावर इंजिनाचं शिक्षण घेतलं आणि पुढे मिसाइल बोटींच्या इंजिन-रूममध्ये उमेदीची वर्षं घालवली. मेसमध्ये जेवताना ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्यांतले काही त्या काळातले होते. ते फार बोलायचे नाहीत. बोलले तर इंधनाबद्दल बोलायचे. आता वाटतं, त्या सगळ्या कथेची चावी तिथेच आहे.

विक्रांत त्या वेळी कराचीच्या जवळपासही नव्हती. ती होती बंगालच्या उपसागरात. तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि तरी तिची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत होती. तो वेगळा देखावा होईल, जरूर करा. पण ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’. तीन बोटी. लांबी प्रत्येकी जेमतेम चाळीस मीटर, म्हणजे आपल्या पीएमपीएमएलच्या तीन बस एकामागे एक लावल्या तर जेवढी होईल तेवढीच. वजन दोनशे टनांच्या आसपास. त्यांना ‘जहाज’ म्हणायला आम्हीसुद्धा कचरायचो, बोटच म्हणायचो. आणि त्या बोटीच्या पाठीवर चार पेट्या, एकेका पेटीत एक क्षेपणास्त्र. ते चाळीस सागरी मैलांपर्यंत जायचं. म्हणजे शनिवारवाड्यापासून सोडलं तर लोणावळा मागे टाकून घाट उतरेल.

सोव्हिएत संघाकडून अशा आठ बोटी घेतल्या होत्या. आपल्या लोकांनी पार व्लादिवोस्तोकला जाऊन त्या चालवायचं शिक्षण घेतलं, आधी रशियन शिकून. बोटी आल्या, तर मुंबई बंदरातल्या क्रेनला एवढं वजन पेलेना. म्हणून त्या कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या आणि तिथून ओढत, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून, मुंबईला आणल्या. गंमत अशी की ही अडचणच शिकवून गेली. या बोटी मुळात किनारा राखायला बनवलेल्या. टाकी लहान, भूक मोठी. स्वतःच्या जोरावर शत्रूच्या बंदरापर्यंत जाऊन परत येणं अवघड. पण ओढत नेता येतात म्हटल्यावर विचार पालटला. दोर बांधून ओढायचा सराव झाला, मोठ्या जहाजांच्या आडोशाने न्यायचं ठरलं. राखणदाराला दरोड्यावर न्यायचं म्हणा ना.

इंजिनाबद्दल थोडं जास्त लिहितो, सवय आहे, खपवून घ्या. बोटीत तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकाची ताकद सुमारे ४००० अश्वशक्ती. आणि इंजिन कसलं, तर ताऱ्यासारखं. मधल्या दांड्याभोवती सात हात, प्रत्येक हातात सहा सिलिंडर, एकूण ४२. खालच्या बाजूच्या सिलिंडरला हात घालायचा तर अंगाची घडी करून शिरावं लागायचं. बोट पूर्ण वेगात असली की आत कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. तेलाचा दाब एका काट्याने खाली सरकला तरी पोटात गोळा यायचा. तुमच्या देखाव्यात नेहमी कप्तान छाती काढून उभा असतो. एकदा तरी बनियन आणि ओव्हरऑल घातलेला, तेलाने माखलेला माणूस खाली बसलेला दाखवा. त्याला वर काय चाललंय ते दिसत नाही. क्षेपणास्त्र सुटलं की बोट हादरते, तेवढंच त्याचं युद्ध.

आता त्या रात्रीचं. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लढाई जुंपली. ४ तारखेला दिवसभर आपला ताफा कराचीपासून सुमारे २५० सागरी मैलांवर, त्यांच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबला. तीन बोटी, सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही दोन पाणबुडीविरोधी जहाजं, आणि तेल द्यायला ‘पोषक’. पोषक नाव किती साजेसं आहे बघा. अंधार पडल्यावर कूच. त्यांच्या हवाई दलाकडे रात्री समुद्रात मारा करायची सोय नव्हती, म्हणून रात्र निवडलेली. बोटींचं नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांच्याकडे, ते ‘निपात’वर होते. आणि वायरलेसवर आपली माणसं आपसात बोलत होती ती रशियनमध्ये, कुणी ऐकलंच तर गोंधळावं म्हणून. निवेदनाला यापेक्षा भारी मसाला कुठे मिळणार? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकणारी चार पोरं गाठा, त्यांच्याकडून दहा वाक्यं रेकॉर्ड करून घ्या. मंडपात अंधार, हिरवा रडारचा पडदा, इंजिनाची घरघर आणि मध्येच कुजबुजल्यासारखं रशियन. लोक श्वास रोखून बघतील, लिहून देतो.

रात्री साडेदहानंतर ‘निर्घात’ने पहिला नेम धरला. म्हणजे आपल्याकडे पोलिस मंडपाच्या स्पीकरकडे बोट दाखवून घड्याळ दाखवतात, साधारण तेव्हा. समोर होती पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’, कराचीच्या दक्षिणेला गस्तीवर. क्षेपणास्त्राचा उजेड आकाशातून येताना पाहून तिच्यावरच्या लोकांना वाटलं की विमान आहे. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. पहिलं क्षेपणास्त्र जिथे घुसलं, तिथे इलेक्ट्रिशियन लोकांचा मेस, म्हणजे जेवायची-झोपायची जागा होती. दिवे गेले, बॉयलर गेला, आणि तशाही अवस्थेत त्यांनी संदेश पाठवला की शत्रूच्या विमानाने हल्ला केला आहे. त्या घाईत ठिकाणाचे आकडे चुकले. दुसरं क्षेपणास्त्र बसलं आणि खैबर बुडाली. दोनशेहून अधिक माणसं गेली. आकडे चुकल्यामुळे पाण्यात तरंगणाऱ्यांना शोधायलाही फार उशीर झाला.

हा मजकूर तुमच्या निवेदनात घाला अशी माझी विनंती आहे. कापू नका. मी स्वतः आयुष्यभर अशाच मेसमध्ये झोपलो. ‘शत्रूची दाणादाण’ म्हणताना ज्याला हसू फुटतं, त्याने एकदा तरी पाण्याच्या पातळीखाली रात्र काढून यावी. जिंकलो याचा अभिमान मला कुणापेक्षा कमी नाही. पण त्या इलेक्ट्रिशियन मेसवर टाळ्या घेऊ नका.

बाकीचं झटपट. ‘निपात’ने दोन लक्ष्यांवर मारा केला. त्यात ‘व्हीनस चॅलेंजर’ हे व्यापारी जहाज, जे दारूगोळा घेऊन येत होतं असं आपल्याकडचे वृत्तांत सांगतात, ते बुडालं आणि ‘शाहजहान’ ही विनाशिका निकामी झाली. ‘वीर’ने ‘मुहाफिज’ नावाची सुरुंग काढणारी बोट बुडवली, तिला संदेश पाठवायलाही फुरसत मिळाली नाही. मग ‘निपात’ने केमारी बंदरातल्या तेलाच्या टाक्यांवर नेम धरला. दोन क्षेपणास्त्रं होती. एक सुटताना फसलं, दुसरं बसलं. म्हणून म्हणतो, तुमचं ते तारेवर अडकलेलं क्षेपणास्त्र आणि तो झाडूचा दांडा, अख्ख्या देखाव्यात खऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट तेवढीच होती!

आणखी एक. खैबर आणि शाहजहान ही नावं आमच्या जुन्या लोकांना आधीपासून पाठ होती. सप्टेंबर १९६५मध्ये पाकिस्तानी नौदलाने रात्री द्वारकेवर तोफा डागल्या, त्या ताफ्यात ही दोन्ही जहाजं होती. द्वारकेत नुकसान फारसं झालं नाही, पण नौदलाच्या मनाला ती गोष्ट लागली. त्या लढाईत आपल्या आरमाराला फारसं काही करूच दिलं नव्हतं. म्हणून १९७१मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी आधीच पंतप्रधान इंदिरा गांधींना गाठून, कराचीवर हल्ला केला तर सरकारची हरकत आहे का, हे विचारून घेतलं. नंदांचं बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेलेलं. ज्या पाण्यात पोरगा खेळला, त्याच बंदरावरच्या हल्ल्याची आखणी करायला पुढे नकाशा पसरून बसला. एवढ्या एका प्रसंगावर पाच मिनिटांचा जिवंत देखावा उभा राहतो. एक टेबल, एक नकाशा, दोन पात्रं. खर्च शून्य. पण नाही, आपल्याला वीस फुटांची विक्रांतच हवी.

८ डिसेंबरच्या रात्री पुन्हा गेले, समुद्र खवळलेला असताना. या वेळी बोट एकच, ‘विनाश’, सोबत ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या मोठ्या युद्धनौका. चार क्षेपणास्त्रं सुटली. केमारीच्या टाक्या पुन्हा पेटल्या. बंदराबाहेर नांगरलेलं एक परदेशी व्यापारी जहाज बुडालं, आणखी एकाचं नुकसान झालं. हेही दाखवायला हरकत नसावी, कारण रडारवर ठिपका दिसतो, झेंडा दिसत नाही. टाक्या नेमक्या कुणी पेटवल्या यावर आमच्यात आणि हवाई दलवाल्यांत अजून खडाजंगी होते, कारण त्यांच्या विमानांनीही त्याच दिवसांत कराचीच्या तेलसाठ्यांवर हल्ले केले होते. सैनिक संघाच्या चहाला या, फुकट करमणूक होईल.

दोन्ही रात्री मिळून आपला एकही माणूस गेला नाही. इथेच देखावा संपवायचा मोह होतो, मला कळतं. पण ‘विनाश’ परत फिरल्यानंतर चोवीस तास उलटले नाहीत, तोच ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’ने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला गेलात तर समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, बहुतेक पुणेकर तिथे सेल्फी काढून पुढे जातात. कराचीचा देखावा करणार असाल तर शेवटचं अर्धं मिनिट दिवे घालवा आणि खुकरी एवढंच नाव उच्चारा.

आता ज्या मंडळांना कराची नको, काहीतरी वेगळं हवं, त्यांच्यासाठी. बंदरांवरचे हल्ले फक्त पश्चिमेला झाले नाहीत. पूर्वेकडची गोष्ट तर आपल्याकडे कुणी उच्चारतही नाही. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी आपल्या नौदलाने गुपचूप एक छावणी उघडली होती. त्यात पूर्व बंगालची, म्हणजे आताच्या बांगलादेशातली पोरं, बरीचशी कॉलेजातली, नदीत पोहायला शिकत होती. म्हणजे पोहता येतच होतं, छातीवर पाच-सहा किलोंचा सुरुंग बांधून पोहायला शिकत होती. बांधायचा कशाने? गमछाने. कधी निघायचं, याचा इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन ठरलेली गाणी वाजवून दिला गेला. त्या सुरुंगाच्या चापात विरघळणारी गोळी असे. पाण्यात ती अर्ध्या तासात विरघळायची आणि पोहणाऱ्याला पोहायला त्याहून जास्त वेळ लागायचा. मग उपाय काय काढला, तर चापावर निरोध चढवला! जहाजाला सुरुंग चिकटवायचा, रबर ओढून काढायचं आणि उलटं पोहत सुटायचं. हे मंडपात कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. १५ ऑगस्ट १९७१च्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार बंदरांत एकाच रात्री जहाजं फुटली.

आणि डिसेंबरात त्याच मोंगला आणि खुलन्याकडे तीन लहान बोटी निघाल्या. प्रमुख होते कमांडर मोहन नारायणराव सामंत. आडनाव वाचलंत ना? पुढे महावीर चक्र मिळालं. किती मंडळांनी त्यांचा फोटो लावलाय? तीन बोटींपैकी ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी, त्यांवर तोफा बसवलेल्या. तिसरीचं नाव ‘पनवेल’. हो, आपलं पनवेल, एक्स्प्रेस-वे उतरून लागतं ते. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा, त्यांनाही महावीर चक्र. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी शत्रू समजून या बोटींवर हल्ला केला. ओळख पटावी म्हणून वर पिवळा रंग दिलेला असूनही पद्मा आणि पलाश गेल्या. चार दिवस आधी पश्चिमेला पाकिस्तानी विमानांनीही स्वतःच्याच ‘झुल्फिकार’ जहाजाला आपली मिसाइल बोट समजून झोडपलं होतं. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखीच. ‘पलाश’च्या इंजिन-रूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन नावाचा आर्टिफिसर, म्हणजे इंजिन सांभाळणारा कारागीर होता. बोट सोडायचा हुकूम झाला तरी तो इंजिन वाचवायला खालीच थांबला. तो वाचला नाही. बांगलादेशने त्याला सर्वोच्च शौर्यपदक दिलं, ‘बीर श्रेष्ठ’. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून त्याचं नाव घेताना माझी मान आपोआप खाली जाते.

(शिवकालीन देखावे करणाऱ्यांनाही जाता जाता एक टोमणा. दरवर्षी अफझलखान, शाहिस्तेखान आणि आग्रा. फेब्रुवारी १६६५मध्ये महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला बसरूर बंदरावर चालून गेले होते, ते कोण दाखवणार?)

असो. तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच की काका, लहान बोट लोकांना दिसणार नाही, गर्दी होणार नाही. मी उलट सांगतो. बोट लहानच करा, समुद्र मोठा करा. काळं कापड अख्ख्या मंडपभर पसरा, त्यावर कोपऱ्यात तीन इवल्या बोटी आणि पार समोरच्या टोकाला बंदराचे दिवे. मधलं अंतर लोकांच्या अंगावर आलं पाहिजे.

आराखडा मी काढून देतो, पैसे नकोत. पेट्या कुठे, रडार कुठे, धूर कुठून निघतो, सगळं मापात सांगतो. रोज संध्याकाळी सहानंतर आमच्या चौकातल्या पारावर असतो, कुणालाही विचारा, ‘नेव्हीवाले काका’ म्हणून दाखवतील. फक्त प्लायवूड घ्यायच्या आधी या. बारा एमएमचं घेऊ नका, भाद्रपदातल्या दमट हवेत वाकतं. गेल्या वर्षी त्या क्षेपणास्त्राची तार ढिली पडली, ती त्यामुळेच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना इंजिन-रूमवाला
धनकवडी, पुणे